लोहवाहक ट्रान्सफेरिन आणि शरीराबाहेर वाढणाऱ्या पेशी

प्राण्याच्या किंवा माणसाच्या शरीरातून काढलेल्या पेशी काचेच्या अथवा प्लास्टिकच्या बशीत जिवंत ठेवणे, त्यांना पोषण देणे आणि त्यांची संख्या वाढवणे या तंत्राला पेशीसंवर्धन असे म्हणतात. अमेरिकन शास्त्रज्ञ रॉस हॅरिसन यांनी १९०७ मध्ये बेडकाच्या भ्रूणातील चेतातंतू शरीराबाहेर वाढत असल्याचे दाखवून दिले आणि या तंत्राचा पाया घातला. आज अनेक विषाणुप्रतिबंधक लसी, प्रतिपिंडांच्या स्वरूपातील औषधे आणि कर्करोगावरील औषधांच्या प्राथमिक चाचण्या याच तंत्रावर उभ्या आहेत. पुण्यातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र तर संवर्धित पेशींचा संग्रह जतन करून देशभरातील प्रयोगशाळांना त्या पुरवते.

पेशी वाढवायच्या म्हणजे त्यांना खाद्य हवे. ग्लुकोज, अमिनो आम्ले, जीवनसत्त्वे आणि क्षार यांचे योग्य प्रमाण १९५० च्या दशकात हॅरी ईगल यांनी बरेचसे निश्चित केले. परंतु हे सर्व घटक देऊनही बहुतेक पेशी वाढत नाहीत, हा अनुभव सर्वत्र आला. त्या मिश्रणात शंभर भागांना पाच ते दहा भाग सीरम घातले की मात्र त्या तरारून वाढतात. रक्त गोठल्यानंतर जो पिवळसर द्रव वेगळा होतो तो सीरम होय. या कामासाठी प्रामुख्याने गाईच्या पोटातील गर्भाच्या रक्ताचे सीरम वापरले जाते. सीरममध्ये असे काय असते की ज्यावाचून पेशी अडून बसते? याला एकच एक उत्तर नाही. कारण सीरममध्ये शेकडो पदार्थ आहेत. पण या उत्तराचा एक महत्त्वाचा भाग निश्चितपणे कळलेला आहे. तो म्हणजे ट्रान्सफेरिन हे लोह वाहून नेणारे प्रथिन. या प्रथिनाचे कार्य कसे चालते आणि ते समजल्यामुळे पेशीसंवर्धनात काय बदल झाला, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

लोह : गरज आणि धोका

लोह म्हटले की सामान्यतः रक्तातील हिमोग्लोबिन आठवते. परंतु लोहाची गरज केवळ तांबड्या पेशींना नसते. ती वाढणाऱ्या प्रत्येक पेशीला असते. पेशीतील ऊर्जानिर्मितीचे काम तंतुकणिकांमध्ये चालते आणि तेथील अनेक प्रथिनांच्या गाभ्यात लोहाचे अणू बसलेले असतात. दुसरे असे की, एका पेशीच्या दोन पेशी व्हायच्या तर आधी डीएनएची प्रत तयार व्हावी लागते. त्या प्रतीसाठी लागणारे घटक ज्या एंझाइमच्या मदतीने तयार होतात, त्या रायबोन्यूक्लिओटाइड रिडक्टेजला लोहावाचून काम करता येत नाही. साहजिकच लोहाचा तुटवडा पडला की पेशी डीएनएची प्रत काढण्याच्या उंबरठ्यावर थबकते.

मग माध्यमात लोहाचा एखादा क्षार घातला की काम भागेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. अडचण लोहाच्या स्वभावात आहे. ओला राहिलेला लोखंडी तवा रात्रीतून गंजतो, ही गोष्ट प्रत्येक घरात माहीत असते. हवेतील ऑक्सिजन आणि पाणी यांच्या सान्निध्यात लोह फेरिक अवस्थेत जाते आणि रक्ताच्या किंवा संवर्धन माध्यमाच्या सौम्य अल्कधर्मी द्रवात फेरिक लोह जवळजवळ विरघळतच नाही. ते गंजासारखा साका होऊन तळाशी बसते. म्हणजे बशीत लोह असूनही पेशीच्या उपयोगाचे उरत नाही.

दुसरा धोका याहून गंभीर आहे. फेरस अवस्थेतील मोकळे लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र आले की हायड्रॉक्सिल नावाचे अतिशय आक्रमक मुक्त मूलक तयार होते. लोह आणि पेरॉक्साइड यांच्या अभिक्रियेचे वर्णन हेन्री फेंटन यांनी १८९४ मध्येच केले होते. हे मूलक पेशीचे पटल, प्रथिने आणि डीएनए यांची नासधूस करते. हायड्रोजन पेरॉक्साइड तर पेशीच्या रोजच्या व्यवहारातच थोड्या प्रमाणात निर्माण होत असते. तेव्हा लोह न दिल्यास पेशी वाढत नाही आणि मोकळे सोडल्यास ते पेशीच्या जिवावर उठते. या पेचावर निसर्गाने शोधलेला उपाय म्हणजे ट्रान्सफेरिन.

शोधाचा प्रवास

या प्रथिनाचा शोध पेशींच्या वाढीचा अभ्यास करताना लागला नाही, तर जिवाणूंची वाढ का थांबते याचा अभ्यास करताना लागला. आर्थर शेड आणि लिओना कॅरोलिन यांनी १९४४ मध्ये असे दाखवले की, कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या भागात आमांशाचे जिवाणू वाढत नाहीत; पण त्यात लोह घातले की ते पुन्हा वाढू लागतात. याचा अर्थ, अंड्यातील एखादा पदार्थ लोह पकडून ठेवत होता आणि जिवाणूंची उपासमार करत होता. दोनच वर्षांनी, १९४६ मध्ये, त्यांनी तसाच लोहबंधक घटक मानवी रक्तद्रवातही दाखवून दिला. त्याच सुमारास स्वीडनमध्ये कार्ल होल्मबर्ग आणि कार्ल-बर्टिल लॉरेल हेही याच दिशेने काम करत होते. १९४७ मध्ये त्यांनी या प्रथिनाला ट्रान्सफेरिन हे नाव दिले. लोहाचे स्थानांतर करणारे ते ट्रान्सफेरिन, असा या नावाचा सरळ अर्थ आहे.

एकाच प्रथिनाची दोन रूपे येथे दिसतात. जिवाणूसाठी ते लोहाला लावलेले कुलूप आहे, तर स्वतःच्या शरीरातील पेशीसाठी तेच लोहाचे वाहन आहे.

रचना आणि हिशेब

ट्रान्सफेरिन मुख्यतः यकृतात तयार होते. त्याच्या रेणूचे वजन सुमारे ८०,००० डाल्टन असून मानवी ट्रान्सफेरिनची साखळी ६७९ अमिनो आम्लांची आहे. या साखळीला काही ठिकाणी शर्करा जोडलेल्या असतात. रेणूचे दोन सारखे भाग पडतात आणि प्रत्येक भागात फेरिक लोहाचा एकच आयन बसतो. तो बसताना सोबत कार्बोनेटचा एक आयन लागतो. त्याशिवाय पकड पूर्ण होत नाही. ही पकड विलक्षण घट्ट असते. रक्ताच्या सर्वसाधारण स्थितीत, म्हणजे पीएच ७.४ असताना, लोह तिच्यातून सहजासहजी सुटत नाही. त्यामुळे लोह विरघळलेलेही राहते आणि मोकळेही सुटत नाही. वर सांगितलेले दोन्ही धोके एकाच युक्तीने टळतात.

मानवी रक्तद्रवात दर लिटरला साधारणपणे २ ते ३ ग्रॅम ट्रान्सफेरिन असते. निरोगी अवस्थेत त्यातील लोहाच्या जागांपैकी सुमारे एक तृतीयांश जागाच भरलेल्या असतात. बाकीच्या रिकाम्या जागा वाया गेलेल्या नसतात. अचानक कोठून मोकळे लोह आले तर ते पकडण्याची सोय त्यांच्यामुळे होते. रक्तक्षयाच्या तपासणीत टोटल आयर्न बाइंडिंग कपॅसिटी नावाचा जो आकडा अहवालावर येतो, तो प्रामुख्याने याच प्रथिनाची क्षमता सांगतो.

प्रौढ माणसाच्या शरीरात एकूण लोह ३ ते ४ ग्रॅम असते, पण एका वेळी ट्रान्सफेरिनवर असलेले लोह केवळ ३ ते ४ मिलिग्रॅम भरते. तरीही दिवसभरात २० ते २५ मिलिग्रॅम लोह याच वाहनातून जाते. म्हणजे हा साठा रोज सहा-सात वेळा उतरतो आणि पुन्हा भरतो. साठा लहान, पण फेऱ्या अनेक, हे या व्यवस्थेचे सूत्र आहे. पेशीसंवर्धनातही हेच सूत्र लागू पडते.

पेशीच्या आत आणि पुन्हा बाहेर

लोह इतके घट्ट धरलेले असेल तर पेशीला ते मिळते कसे? पेशीच्या पृष्ठभागावर ट्रान्सफेरिनचे ग्राही असतात. लोहाने भरलेले ट्रान्सफेरिन ग्राहीला चिकटले की पेशीपटलाचा तेवढा भाग आत वळतो आणि त्याची एक लहानशी पिशवी बनते. तिला एंडोसोम म्हणतात. या पिशवीत आम्लता वाढवली जाते. पीएच ७.४ वरून सुमारे ५.५ पर्यंत उतरतो. आम्लतेमुळे कार्बोनेटची पकड ढिली होते आणि लोह सुटते. मग एक एंझाइम फेरिक लोहाचे फेरसमध्ये रूपांतर करते आणि दुसरे वाहक प्रथिन ते पिशवीबाहेर, पेशीद्रवात आणते.

खरी खुबी यापुढे आहे. रिकामे झालेले ट्रान्सफेरिन आम्ल स्थितीत ग्राहीला सोडत नाही. पिशवी पुन्हा पृष्ठभागाशी येते, बाहेरचा पीएच ७.४ लाभतो आणि मग रिकामे ट्रान्सफेरिन ग्राहीपासून अलग होऊन नवीन लोह आणायला मोकळे होते. हा संपूर्ण फेरा सुमारे पंधरा मिनिटांत पुरा होतो. १९८३ मध्ये अ‍ॅलिस दोत्री-वार्सा, आरॉन चिखानोव्हर आणि हार्वे लोडिश यांनी संवर्धित मानवी यकृतपेशींवर काम करून पीएचमधील बदल हाच या फेऱ्याचा सूत्रधार असल्याचे दाखवले. मुंबईतील डबेवाला भरलेला डबा पोहोचवतो, रिकामा डबा परत नेतो आणि दुसऱ्या दिवशी तोच डबा पुन्हा भरून येतो. ट्रान्सफेरिनचा व्यवहार तसाच आहे. पेशी इतर अनेक प्रथिने आत घेऊन पचवून टाकते. हे प्रथिन मात्र ती सुखरूप परत पाठवते.

किती लोह घ्यायचे हेही पेशीच ठरवते. आत लोह कमी पडले की ग्राहींची संख्या वाढते, पुरेसे झाले की घटते. जादा लोह फेरिटिन या प्रथिनाच्या पोकळीत साठवले जाते. मोकळ्या क्षारातून मिळणाऱ्या लोहावर पेशीचा असा काटेकोर ताबा राहत नाही. ग्राहीचे महत्त्व १९८२ मध्ये आणखी स्पष्ट झाले. इयन ट्रोब्रिज आणि त्यांच्या सहकाऱ्याने या ग्राहीची वाट अडवणारे प्रतिपिंड वापरले, तेव्हा संवर्धनातील मानवी रक्तकर्काच्या पेशींची वाढ खुंटली.

ट्रान्सफेरिन नसेल तर काय होते, याचा पुरावा एका दुर्मिळ जन्मजात विकारातूनही मिळतो. काही व्यक्तींच्या रक्तात हे प्रथिन जवळजवळ नसतेच. १९६१ मध्ये जर्मनीत लुडविग हाइलमायर यांनी या विकाराची नोंद केली. अशा रुग्णांना तीव्र रक्तक्षय होतो आणि त्याच वेळी यकृतासारख्या अवयवांत लोहाचा घातक साठा होत जातो. लोह शरीरात विपुल असते, पण ज्या अस्थिमज्जेला त्याची सर्वाधिक गरज आहे तेथे ते पोहोचत नाही. लोह असणे आणि ते योग्य पेशीला योग्य रूपात मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे येथे स्पष्ट होते.

कोंबडीच्या गर्भाचा अर्क : एक बोधप्रद उदाहरण

पेशीसंवर्धनाच्या आरंभीच्या काळात कोंबडीच्या अंड्यातील गर्भ कुटून त्याचा अर्क माध्यमात घालण्याची पद्धत होती. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत अलेक्सिस कॅरेल यांनी १९१२ मध्ये कोंबडीच्या गर्भातील हृदयाच्या ऊतीपासून संवर्धन सुरू केले. ते १९४६ पर्यंत चालू ठेवण्यात आले आणि त्यावरून शरीराबाहेर पेशी अमर असतात, असा समज रूढ झाला. १९६१ मध्ये लेनर्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी सामान्य मानवी पेशी मर्यादित वेळाच विभाजित होतात हे दाखवले, तेव्हा हा समज डळमळीत झाला. कॅरेल यांच्या संवर्धनात गर्भाच्या अर्काबरोबर वेळोवेळी ताज्या पेशीही मिसळल्या गेल्या असाव्यात, असे एक स्पष्टीकरण त्याविषयी दिले जाते. माध्यमात नेमके काय आहे हे ठाऊक नसले की निष्कर्षच कसे चुकू शकतात, याचे हे ठळक उदाहरण मानावे लागेल.

त्याच अर्काचे गूढ उलगडण्याचे काम जपानमध्ये एइजिरो ओझावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाती घेतले. कोंबडीच्या स्नायुपेशी वाढवणारा घटक त्यांनी गर्भाच्या अर्कातून शुद्ध करून वेगळा काढला. १९८२ मध्ये त्यांनी जाहीर केले की, हा घटक म्हणजे दुसरे काही नसून ट्रान्सफेरिनच आहे आणि कोंबडीच्या स्नायुपेशींच्या वाढीला तो अनिवार्य आहे. वाढीचा एखादा गूढ संप्रेरक सापडेल अशा अपेक्षेने जेथे शोध घ्यावा, तेथे रक्तातील परिचित लोहवाहक हाती लागला. पुढील प्रयोगांत आणखी एक गोष्ट दिसली. पक्ष्यांच्या स्नायुपेशींना पक्ष्यांचे ट्रान्सफेरिन चालते, सस्तन प्राण्यांचे चालत नाही आणि सस्तन प्राण्यांच्या पेशींचे याच्या उलट असते. ग्राही आणि वाहक यांची जोडी जुळणे आवश्यक आहे, हा त्याचा अर्थ. मानवी पेशींचे ग्राहीही मानवी ट्रान्सफेरिनला जितक्या घट्टपणे धरतात तितके गाईच्या ट्रान्सफेरिनला धरत नाहीत.

सीरमविरहित माध्यमाकडे

सीरमचे घटक एकेक करून ओळखायचे आणि सीरमऐवजी तेच मोजून द्यायचे, हा विचार १९७० च्या दशकात प्रत्यक्षात आला. १९७६ मध्ये इझुमी हायाशी आणि गॉर्डन सातो यांनी रॅट जातीच्या उंदराच्या पीयूष ग्रंथीतील पेशी सीरमशिवाय वाढवून दाखवल्या. त्यासाठी त्यांनी काही संप्रेरके वापरली आणि त्यांच्या जोडीला ट्रान्सफेरिन. त्याच वर्षी लॅरी गिल्बर्ट आणि नॉर्मन इस्कोव्ह यांनी रक्तनिर्मिती करणाऱ्या पेशींसाठी सेलेनाइट, ट्रान्सफेरिन, अल्ब्युमिन आणि लेसिथिन यांच्या साहाय्याने सीरमची गरज बरीच कमी केली.

या कामातून पुढे इन्सुलिन, ट्रान्सफेरिन आणि सेलेनियम हे त्रिकूट रूढ झाले. त्याचे नेहमीचे प्रमाण दर लिटर माध्यमाला इन्सुलिन १० मिलिग्रॅम, ट्रान्सफेरिन ५.५ मिलिग्रॅम आणि सोडियम सेलेनाइट ६.७ मायक्रोग्रॅम असे आहे. इन्सुलिन पेशीला पोषकद्रव्ये आत घेण्यास व वाढण्यास प्रवृत्त करते. ट्रान्सफेरिन लोह आणते. सेलेनियम ज्या एंझाइमचा भाग असते ते एंझाइम पेरॉक्साइडचा नाश करते. फेंटन अभिक्रियेला लोह आणि पेरॉक्साइड दोन्ही लागतात, हे ध्यानात घेतले तर या जोडीचे मर्म कळते. एक घटक लोहाला बांधून ठेवतो आणि दुसरा पेरॉक्साइडला संपवतो.

येथे एक साधा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. ५.५ मिलिग्रॅम ट्रान्सफेरिनच्या सर्व जागा भरल्या तरी त्यावर एका वेळी जेमतेम ८ मायक्रोग्रॅम लोह बसते. एवढे लोह लाखो पेशींना फार काळ पुरणारे नाही. परंतु वाहक परत येतो आणि माध्यमातील लोह उचलून पुन्हा आत जातो. म्हणून थोड्या वाहकावर काम चालते. मात्र माध्यमात उचलण्यासाठी लोह असले पाहिजे. येथे माध्यमांची निवड महत्त्वाची ठरते. ईगल यांचे मूळ माध्यम आणि आरपीएमआय १६४० या माध्यमांच्या सूत्रात लोहाचा क्षारच नाही. त्यांत लोह येते ते मुख्यतः सीरममधून. अशा माध्यमातून सीरम वगळले आणि लोहरहित ट्रान्सफेरिन घातले तर पेशी उपाशीच राहतील. उलट लोहाने भरलेले ट्रान्सफेरिन द्यावे, किंवा लोहक्षार असलेले माध्यम निवडावे. विद्यार्थ्यांच्या प्रयोगात पेशी का वाढल्या नाहीत याचे कारण कित्येकदा अशा लहानशा तपशिलात दडलेले असू शकते.

२०११ मध्ये जेम्स थॉमसन यांच्या गटाने मानवी मूलपेशींसाठी केवळ आठ घटकांचे माध्यम सिद्ध केले. घटकांची यादी इतकी आखूड करूनही ट्रान्सफेरिन त्यातून वगळले गेले नाही.

पर्याय आणि मर्यादा

ट्रान्सफेरिनला पर्यायच नाही असे मात्र म्हणता येणार नाही. औषधनिर्मितीत मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या चिनी हॅमस्टरच्या अंडाशयाच्या पेशी फेरिक सायट्रेटसारख्या संयुगावरही वाढवता येतात. सायट्रेट लोहाला विरघळलेले ठेवते. परंतु त्याची पकड ट्रान्सफेरिनइतकी घट्ट नसते आणि मात्रा वाढली तर लोहाचा विषारी परिणाम दिसू शकतो. नाजूक पेशींसाठी आणि मूलपेशींसाठी ट्रान्सफेरिनच अधिक सुरक्षित ठरते.

ट्रान्सफेरिन मिळवायचे कोठून, हाही प्रश्न आहे. पूर्वी ते माणसाच्या किंवा गाईच्या रक्तातूनच वेगळे केले जाई. ब्रिटनमध्ये १९८६ मध्ये गुरांचा मेंदूविकार ओळखला गेला आणि १९९६ मध्ये त्याचा मानवी आजाराशी संबंध जाहीर झाला. तेव्हापासून औषधनिर्मितीत गुरांपासून मिळणारे घटक टाळण्याकडे कल वाढला. मानवी रक्तातून काढलेल्या प्रथिनासोबत विषाणू येण्याची भीतीही होतीच. आता मानवी ट्रान्सफेरिनचे जनुक यीस्टमध्ये किंवा भाताच्या रोपात घालून हे प्रथिन तयार केले जाते. रक्ताचा थेंबही न वापरता रक्तातील प्रथिन मिळते, ही गोष्ट लहान नाही.

या प्रश्नाचे महत्त्व केवळ प्रयोगशाळेपुरते नाही. गर्भाच्या सीरमची प्रत्येक खेप वेगळी असते. त्यामुळे एका ठिकाणचा प्रयोग दुसऱ्या ठिकाणी तसाच उतरत नाही. ते मिळवण्यासाठी कत्तलखान्यातील गाभण गाईच्या गर्भाचे रक्त घ्यावे लागते, हा नैतिक प्रश्न आहेच. २०१३ मध्ये लंडनमध्ये मार्क पोस्ट यांनी संवर्धित स्नायुपेशींपासून बनवलेला मांसाचा पहिला बर्गर सादर केला, तोही अशाच सीरमवर वाढवलेला होता. २०२० मध्ये सिंगापूरने संवर्धित मांसाच्या विक्रीला प्रथम परवानगी दिली. अन्न म्हणून पेशी वाढवायच्या असतील तर माध्यमातील प्रत्येक घटक कोठून आला हे ग्राहकाला सांगता आले पाहिजे आणि तो परवडलाही पाहिजे. ट्रान्सफेरिनसारख्या प्रथिनांची किंमत हा त्यातील एक मोठा अडसर आहे.

सारांश

पेशीला लोह हवे असते, पण ते मोकळे नको असते. ट्रान्सफेरिन लोहाला घट्ट धरते, पेशीच्या दारापर्यंत नेते, आम्लतेच्या खुणेवर सोडते आणि रिकामे होऊन पुन्हा परत येते. शरीरात रक्तातून हे काम अखंड चालते; बशीतील पेशीला मात्र ही सोय करून द्यावी लागते. अनेक वर्षे ती सोय सीरमने नकळत केली, म्हणून सीरम हे गूढ द्रव्य वाटत राहिले. त्यातील एक घटक ओळखला गेला, त्याचे काम समजले आणि तो रक्ताशिवाय तयारही करता आला. सीरममधील उरलेल्या घटकांविषयीही हाच क्रम चालू आहे. पेशीला काय लागते हे जसजसे नेमकेपणाने कळत जाईल, तसतसे लस, औषध आणि अन्न यांसाठी अज्ञात द्रवावर विसंबण्याची गरज कमी होत जाईल.